जाळलेले उष्मांक परत खायचे का?

मागच्या महिन्यात या सदरात वजन कमी करण्याविषयी लिहिले होते. त्यावर एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "माझे वय ६३, वजन ७८ किलो. रोज सकाळी चार किलोमीटर चालतो. मुलाने मनगटी घड्याळ आणून दिले आहे. ते फेरी संपली की ३२० कॅलरी जळाल्या असे दाखवते. मोबाइलमधला आहाराचा तक्ता मला दिवसाला १५०० कॅलरी खायला सांगतो आणि चालून आलो की तोच आकडा आपोआप १८२० करतो. या वाढीव ३२० कॅलरी मी खायच्या की नाही? खाल्ल्या तर चालण्याचा उपयोग काय? न खाल्ल्या तर अशक्तपणा येईल का? दोन महिन्यांत वजन फक्त ४०० ग्रॅम उतरले आहे."

प्रश्न मोठा मार्मिक आहे. गुरुजींनी विचारला तो कागदावर, पण दवाखान्यात हाच प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा ऐकू येतो. फरक इतकाच की बहुतेकजण खाऊन झाल्यावर विचारतात.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. कॅलरी म्हणजे उष्मांक. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातला एक उष्मांक. अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात माणूस आत राहू शकेल अशी एक खोलीवजा पेटी तयार करवून घेतली. तीत माणसे कित्येक दिवस ठेवून त्यांनी किती खाल्ले आणि अंगातून किती उष्णता बाहेर पडली याचा जमाखर्च त्याने मांडला. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला ४ आणि तेलातुपाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक, हा हिशेब आपण आजही त्याच्याच आधाराने करतो. सांगायचा मुद्दा असा, की माणसाने किती उष्मांक जाळले हे खरोखर मोजायचे तर अशी खोली लागते, किंवा तोंडानाकाला मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू मोजावा लागतो. मनगटावरच्या घड्याळात यातले काहीच नसते.

मग घड्याळ काय करते? ते हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके टिपते, तुम्ही भरलेले वय व वजन घेते आणि एका ठरावीक सूत्रात घालून अंदाज सांगते. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधकांनी अशी ७ प्रकारची यंत्रे ६० जणांच्या मनगटावर बांधून तपासली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी बरोबर मोजले. उष्मांकांच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात चांगल्या यंत्राची चूकसुद्धा सरासरी २७ टक्के निघाली. सर्वांत वाईट यंत्राची चूक ९३ टक्के होती. माझे एक रुग्ण भजनी मंडळात टाळ वाजवतात. एकादशीच्या रात्री जागेवर बसून आपण तीन हजार पावले चाललो असे त्यांच्या घड्याळाचे म्हणणे पडले. यंत्राला टाळ आणि चाल यातला फरक कळत नाही, त्याला बिचाऱ्याला दोष तरी काय द्यायचा?

दुसरी गोष्ट अशी, की बरीच यंत्रे फेरीचा जो आकडा दाखवतात त्यात तुम्ही नुसते घरी बसला असता तरी जळलेच असते ते उष्मांकही धरलेले असतात. जिवंत राहण्याचा खर्च चोवीस तास चालूच असतो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड कधी सुट्टी घेत नाहीत. बसून काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चातला ६० ते ७० टक्के भाग या आतल्या कारभारावरच जातो, आणखी १० टक्क्यांच्या आसपास अन्न पचवण्यावर. स्वस्थ बसलेला माणूस तासाला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक उष्मांक जाळतो. म्हणजे गुरुजींनी तो तास पेपर वाचत काढला असता तरी ७८ उष्मांक गेलेच असते. ते १५०० च्या आकड्यात आधीच धरलेले आहेत. फेरीच्या खात्यात ते पुन्हा धरायचे म्हणजे एकच पावती दोनदा फाडण्यासारखे झाले.

घड्याळ नसलेल्यांसाठी, आणि असलेल्यांसाठीही, एक सोपा हिशेब सांगतो. सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने चालताना जादा किती जळते? आपले वजन किलोत घ्या, त्याला चाललेल्या किलोमीटरने गुणा आणि निम्मे करा. गुरुजींचे ७८ गुणिले ४, म्हणजे ३१२. त्याचे निम्मे १५६. हा अंदाजच आहे, पण बऱ्यापैकी जवळचा. पळत असाल तर निम्मे करू नका, गुणाकार तसाच ठेवा. घड्याळाचे ३२० आणि हिशेबाचे १५६, यांतला फरक १६४. गुरुजी रोज घड्याळावर विसंबून ३२० खात असतील तर १६४ उष्मांक रोज उधारीवर खाल्ले जातात. महिन्याला झाले ४९२०. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅमवर चरबी उतरायची ती इथेच अडली. दोन महिन्यांत ४०० ग्रॅम का, याचे निम्मे उत्तर यात आले.

उरलेले निम्मे उत्तर ताटात असते.

आमच्या गावात पहाटे नदीकडच्या रस्त्याने फिरणाऱ्यांचा एक मोठा जथा आहे. डॉक्टर, वकील, अडत दुकानदार, बँकेतले निवृत्त साहेब असे सगळे. फेरी संपते ती पोह्यांच्या गाड्यापाशी. मी एकदा तिथल्या एका प्लेटीचा हिशेब मांडला. साठ ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे २१०, फोडणीचे दोन छोटे चमचे तेल ९०, शेंगदाणे ५०-६०, वरून शेव ८०. प्लेट ४३० च्या घरात गेली. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा ८०-९०. जिलबीचे दोन वेढे घेतले तर आणखी दीडशे-दोनशे. चालून जाळले दीडशे ते दोनशे, आणि गाड्यापाशी मिळवले साडेसहाशेच्या वर. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ती हीच. आमचे अडत दुकानदार मित्र मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आज चारशे जाळल्या, दोनशेच खाल्ल्या!" मी म्हटले, "शेटजी, पेढीवर असा जमाखर्च ठेवलात तर दिवाळीला दुकान लिलावात निघेल." ते हसले, पण दुसऱ्या दिवशी प्लेट अर्धी करून घेतली. जथ्यातून बाहेर पडा असे मी कुणालाच सांगत नाही. चालण्याची सवय टिकते ती सोबतीमुळे, आणि गप्पांना उष्मांक नसतात.

ही चूक फक्त आपल्याकडच्या माणसांची नव्हे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला. "आम्ही १२०० उष्मांकांच्या आतच खातो, तरी वजन हलत नाही" असे म्हणणारी लठ्ठ माणसे डॉक्टरांनी निवडली आणि त्यांचे खाणे व खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजले. त्यांच्या शरीराचा खर्च अगदी नेहमीसारखा होता. पण खाणे ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसे खोटारडी नव्हती. आपण सारेच असे मोजतो. ताटातली भाकरी आठवते, उभ्याउभ्या तोंडात टाकलेले मूठभर शेंगदाणे आठवत नाहीत, आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० उष्मांक असतात. म्हणजे गुरुजींची अख्खी फेरी एका मुठीत गेली.

आता शरीराची एक गंमत सांगतो. व्यायाम सुरू केला की शरीरही काटकसर सुरू करते. सकाळी तासभर चाललेला माणूस दुपारी जरा जास्त लोळतो, जिना टाळतो, बसल्याबसल्या पाय हलवायचा तोही कमी हलवतो. आतल्या कारभारातही थोडी कपात होते. टांझानियात हाडझा नावाची जमात आजही शिकार आणि कंदमुळांवर पुष्कळसे जगते. ती माणसे दिवसभर चालत असतात. पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचा उष्मांकांचा खर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर तो खर्च अमेरिकेत खुर्चीवर बसणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी मोठ्या विश्लेषणात असे दिसले, की हालचालीत जाळलेल्या दर १०० जादा उष्मांकांपैकी सुमारे २८ शरीर दुसरीकडे वाचवते, आणि अंगात चरबी जास्त असेल तर ही वाचवणूक आणखी मोठी असते. तेव्हा गुरुजींचे १५६ सुद्धा पूर्ण पदरात पडतील असे नाही. फार तर ११० धरा. हे वाचून चालणे सोडू नका. त्याचे कारण पुढे येईलच.

याच विषयावर आपल्या देशातले एक जुने काम आहे आणि ते मला फार आवडते. कलकत्त्याजवळच्या एका ज्यूट गिरणीतल्या २१३ पुरुषांचे खाणे, वजन आणि कामाचे श्रम ज्याँ मायर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तपासले. १९५६ साली ते प्रसिद्ध झाले. हलक्या कामापासून ओझी वाहण्यापर्यंत श्रम जसे वाढत गेले तसे खाणे वाढत गेले, पण वजन वाढले नाही. भूक आणि खर्च यांची तिथे नीट सांगड होती. अगदी बैठे काम करणारे, दुकानात बसणारे आणि देखरेख करणारे मात्र हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. थोडक्यात, शरीर थोडेतरी हलत असेल तर भूक खर्चाबरोबर चालते. अगदी बसून राहिले की भुकेचा लगाम सुटतो. म्हणून चालण्याचा फायदा केवळ जळलेल्या उष्मांकांत मोजू नये.

तक्त्यात तुमची जागा कोणती?

मोबाइलवरचे तक्ते सुरुवातीला एक प्रश्न विचारतात. तुमचे काम बैठे, मध्यम की कष्टाचे? इथे पुष्कळजण फसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलोच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक, मध्यम श्रमाच्या पुरुषाला २७१० आणि अतिकष्टाच्या पुरुषाला ३४७० सांगितले आहेत. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. बैठे आणि मध्यम यात पुरुषाच्या बाबतीत ६०० चा फरक आहे. मध्यम श्रम म्हणजे दिवसाचे बरेच तास उभ्याने, हातापायांनी केलेले काम. सकाळी एक तास चालून उरलेला दिवस गल्ल्यावर बसणारा माणूस बैठ्यांतच मोडतो. तो स्वतःला ‘मध्यम’ लिहितो, तक्ता त्याला हालचालीचे उष्मांक आधीच देऊन टाकतो, आणि वर घड्याळातले पुन्हा मिळतात. तेव्हा आकडा ठरवताना व्यायाम आत धरला आहे की बाहेर ठेवला आहे, हे आधी पाहावे. आत धरला असेल तर परत खाण्याचा प्रश्नच उरत नाही.

उलट बाजूही आहे. ऊसतोडीला जाणारी बाई, हमाल, बांधकामावरचा गवंडी यांना कुणी शहरी तक्ता पाहून १२०० उष्मांकांवर बसवले तर तो शुद्ध अन्याय होईल. त्यांचा व्यायाम म्हणजे त्यांची रोजी आहे. तो दिवसभर चालतो आणि तो खाऊनच भागवावा लागतो.

ज्यांनी परत खाल्लेच पाहिजे

गेल्या वर्षी एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आई बाहेरच्या खोलीतच हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, चार महिने पोरीची पाळी नाही. घरात कुणाला बोलले नाही." त्यांच्या मनात काय भीती होती ते मला कळले. मुलीलाही कळत होते आणि ती मान खाली घालून बसली होती. तपासण्या केल्या. दिवस गेलेले नव्हते, थायरॉइड ठीक होते, सोनोग्राफीत काही निघाले नाही. हिमोग्लोबिन मात्र ९ होते, आणि डाव्या पायाची नडगी दाबली की दुखत होती. मग खाण्याची चौकशी केली. आठशे मीटरची वेळ कमी करायला वजन कमी हवे असे कुणीतरी सांगितले होते. म्हणून मोबाइलवर बघून ती १२०० उष्मांक खात होती आणि सकाळ-संध्याकाळ मिळून सात किलोमीटर पळत होती. वजन ५७ वरून ५२ वर आले होते. मुळात ५७ किलो तिच्या उंचीला अगदी योग्य होते.

आता हिशेब पाहा. ५२ गुणिले ७, म्हणजे ३६० च्या वर उष्मांक पळण्यात गेले. उरले जेमतेम ८४०. चरबी वगळता तिच्या शरीराचे वजन ४० किलोच्या आसपास. म्हणजे त्या प्रत्येक किलोच्या वाट्याला २१ उष्मांक आले. क्रीडावैद्यकात हा आकडा तिसाच्या खाली जाऊ देऊ नये असे सर्वसाधारणपणे मानतात. रेघ काही काटेकोर नाही, पण एकवीस फारच कमी. अशा वेळी शरीर काय करते? जिवाला तातडीने लागत नाही तो खर्च आधी बंद करते. पाळी बंद होते, हाडांची डागडुजी मंदावते, झीज भरून येत नाही, हातपाय गार पडतात, चिडचिड होते, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो वेगही कमी होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलांतही होते हे ठासून सांगितले. मुलांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते, एवढाच फरक.

मुलीला मी सांगितले, "बाळ, तुला वजन उतरवायचेच नाही. पळून जाळतेस ते सगळे परत खायचे, आणि वर थोडे जास्त." सकाळी पळण्यापूर्वी एक केळे, आल्यावर दूध आणि दोन उकडलेली अंडी, दोन्ही जेवणांत एकेक भाकरी वाढवायची, घट्ट वरण किंवा उसळ, दुपारी शेंगदाण्याची चिक्की. बरोबर लोहाच्या गोळ्या. नडगीचा क्ष-किरण फोटो काढला आणि तीन आठवडे पळणे बंद ठेवले. आईला समोर बसवून पाळी थांबण्याचे कारण नीट समजावले, कारण त्या घरात औषधाइतकीच त्याचीही गरज होती. पाळी परत यायला चार महिने लागले.

आमच्या कॉलेजच्या मैदानावर पहाटे अशी चाळीस-पन्नास मुले-मुली पळतात. पालकांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की भरतीच्या तयारीतल्या मुलामुलींना वजन कमी करण्याचा तक्ता देऊ नका. मुलीची पाळी तीन महिने चुकली तर लपवू नका, ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही मी याच रांगेत बसवतो. त्यांनी या दिवसांत उष्मांकांची वजाबाकी करू नये.

मधुमेह्यांसाठी थोडे वेगळे

दुसरा गट मधुमेही रुग्णांचा. जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवण कमी केले आणि वर चालणे वाढवले तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसतात. हे चालतानाच होते असे नाही. काही तासांनी, क्वचित रात्री झोपेतही होते. अशा वेळी उष्मांकांचा हिशेब बाजूला ठेवा आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही किंवा यंत्रावर साखर ७० च्या खालीच राहिली तर पुन्हा घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका सहसा नसतो.

मात्र इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. साखर पडू नये म्हणून रोज फिरण्याआधी बिस्किटे खावी लागत असतील, तर बिस्किटे वाढवत राहणे हा उपाय नव्हे. व्यायामामुळे औषधाची गरज कमी झाली, असा त्याचा अर्थ असू शकतो. डॉक्टरांना भेटून डोस कमी करून घ्यावा. आपल्या मनाने करू नये. औषध तेवढेच, खाणे वाढलेले आणि वजनही वाढलेले, अशा चक्रात सापडलेले अनेकजण मी पाहतो.

मग करावे काय?

वजन जास्त आहे, अन्य आजार नाही, व्यायाम म्हणजे तासाभराचे चालणे किंवा योगासने, अशा माणसाने व्यायामाचे उष्मांक वेगळे परत खाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या गरजेपेक्षा चारपाचशे उष्मांक कमी खात असाल तर एवढ्या चालण्याने अशक्तपणा येत नाही. तुमच्या पोटावर किलोकिलोने शिधा साठवलेला आहे, तो वापरण्यासाठीच तर हे चालले आहे. तासाच्या वर दमदार व्यायाम असेल, पळणे, पोहणे, डोंगर चढणे, आखाड्यातला जोर, तर यंत्राच्या आकड्याच्या निम्मे खावे. निम्मेच का? यंत्रे बहुधा फुगवून सांगतात आणि आपण ताट कमी मोजतो, म्हणून. पाणी मात्र भरपूर प्यावे. तासाभराच्या व्यायामानंतर रंगीत शक्तिवर्धक पेये लागत नाहीत. ती कंपन्यांना लागतात.

व्यायामानंतर कडकडून भूक लागत असेल तर जेवण वाढवू नका, सरकवा. नऊला होणारी न्याहारी चालून आल्यावर साडेसातला करा. तिच्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडी, दही किंवा डाळीचे धिरडे असे प्रथिनांचे काहीतरी असू द्या. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीची एक वाटी चालण्याचे बक्षीस म्हणून घेऊ नका. सत्तर ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप मिळून पाचशे उष्मांक होतात.

आणि शेवटी पंच कोण? वजनकाटा. घड्याळ, तक्ता आणि डॉक्टरांचे सूत्र हे सगळे अंदाज. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता वजन करा आणि वहीत लिहा. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेरही लिहा. आपल्याकडे पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० च्या वर असू नये. आपण भारतीय माणसे दिसायला बारीक असूनही पोटात चरबी बाळगतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरते, ते बरेचसे पाणी असते. त्याने हुरळून जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढचा वेग पाहा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर आहे तसे चालू द्या. किलोच्या वर उतरत असेल, किंवा चक्कर, थकवा, केस गळणे सुरू झाले असेल, तर खाणे वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. महिनाभर काटा हललाच नाही तर घड्याळाचे काही ऐकू नका, ताट तपासा.

चालणे का सोडायचे नाही ते आता सांगतो. वजन उतरले नाही तरी चालण्याने साखर आणि रक्तदाब सुधारतात, झोप लागते, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट होतात. आणि वजन एकदा उतरल्यावर ते पुन्हा न चढू देण्यात व्यायामाचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत १९९४ पासून, बरेच वजन उतरवून ते टिकवणाऱ्या माणसांची एक नोंदवही ठेवली आहे. त्यातली बहुसंख्य माणसे रोज सुमारे तासभर व्यायाम करणारी आहेत.

गुरुजींना उत्तर द्यायचे ते असे. मोबाइलच्या तक्त्यात व्यायामाचे उष्मांक आपोआप वाढवण्याची सोय असते, ती मुलाकडून बंद करून घ्या. १५०० वर राहा, न्याहारी चालून आल्यावर घ्या, चार किलोमीटरचे हळूहळू पाच करा. एक आठवडा तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहून काढा, चहाच्या साखरेसह. सहा आठवड्यांनी वजन कळवा. आपल्या पत्रात औषधांचा उल्लेख नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे सर्व सुरू करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. या सदराकडे पत्र पाठवणाऱ्या इतर वाचकांनीही वय, वजन, उंची आणि चालू असलेली औषधे अवश्य लिहावीत.